दाराला लावलेलं घर

खोरवाडी, तालुका माण
मिरग निघून आठ दिस झाले, बुधवार

सोने,

पत्र बघून दचकू नगंस, कोन मेलं न्हाई. मीच लिवतीया, माझ्या हातानं. साक्षरतेच्या वर्गात बाईनं अक्षरं शिकवली ती गंजू द्यायची न्हाईत. तुझ्या बापाकडनं लिहून घ्यावं तर धनाजी मधी मधी आपल्या मनचं घालतो.

काल बाजारात धोंडुबाई भेटली. चार मानसांत म्हनली, बने, तुझी नात सांगलीत भुताचं घर दुरुस्त करती म्हनं. मी म्हनलं, करू दे की, तुझ्या पोराला तर सादं छप्पर शाकारता येत न्हाई. तिचं तोंड बंद झालं, पर माझं डोस्कं बंद हुईना.

कंप्युटर म्हंजे हिशेबाचं यंत्र असं तूच मला सांगितलं हुतंस. त्यात भूत शिरलं कवा? आन शिरलं तर देवऋषी बोलवायचा, माझी नात कशाला?

तुझ्या बापाचं येगळंच. म्हंतो, दिवाळीपत्तूर बघतो, न्हाई जमलं तर पोरीला घरी आनतो, आटपाडीची मानसं इचारायलीत. मी म्हनलं, मानसं इचारत्यात तर तूच जा नांदायला.

खरं काय हाय त्ये लिही. शब्द सोपं घाल. माझा चष्मा येका काडीवर हाय.

बनाबाई


विश्रामबाग, सांगली
२४ जून १९९८

आज्जे,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि पहिल्या ओळीलाच इतकी हसले की आमचे नानासोसाहेब आपल्या टेबलावरून उठून आले. त्यांना वाटलं, परदेशातून काम वाढल्याचं पत्र आलं. मी म्हटलं, नाही, काम कसलं करते म्हणून जाब विचारलाय.

धोंडुबाई अगदीच खोटं बोलली नाही. घर आहे, आणि त्यात काहीतरी आहे. पण ते विटामातीचं नाही. तो कंप्युटरवरचा खेळ आहे. नाव इंग्रजीत आहे, आपण त्याला नुसतं 'घर' म्हणू. एक माणूस अंधाऱ्या घरात अडकलाय. हातात काडेपेटी, तिच्यात मोजक्या काड्या. घरात आणखी कोणीतरी वावरतंय. त्याच्याशी मारामारी करता येत नाही. लपायचं, काड्या पुरवायच्या आणि जिवंत बाहेर पडायचं. एवढाच खेळ.

हा खेळ दहा वर्षांपूर्वीच्या मशीनसाठी केलेला. आताच्या मशीनवर तो चालतच नाही, चाललाच तर बिघडतो. एका परदेशी कंपनीला असे तीन जुने खेळ नव्या मशीनवर आणून पुन्हा विकायचेत. ते काम आमच्या ऑफिसला मिळालं. दोन झाले. हा तिसरा माझ्याकडे आहे.

आज्जे, तुला कसं सांगू, मी रोज या खेळाच्या पोटात शिरते आणि थक्क होऊन बाहेर येते. त्या काळी मशीनमध्ये जागाच नसायची. एक भिंत नीट रंगवायची तर दुसरी सोडून द्यावी लागे. पण काळ्या रंगाला जागा जवळजवळ लागतच नाही. म्हणून त्या माणसानं सगळं घर अंधारात ठेवलं. गरिबी होती म्हणून अंधार, आणि त्याच अंधाराला जग घाबरलं. जुन्या मशीनवर दार उघडायला वेळ लागायचा, तेवढ्या वेळात जीव अर्धा व्हायचा. नव्या मशीनवर तेच दार धाडकन उघडतं, भीतीला उभं राहायला जागाच उरत नाही. मी गेला महिनाभर त्या दाराला सावकाश उघडायला शिकवते आहे.

आता अडचण. खेळ पाच फ्लॉपींवर होता. फ्लॉपी म्हणजे तळहाताएवढी चपटी चौकोनी डबी, तिच्यात खेळ साठवतात. कंपनीकडे चारच शाबूत आहेत. पाचवीला बुरशी लागली. शेवटची खोली त्या पाचवीत होती. खेळ करणारा एकटा होता, आता हयात नाही. त्या खोलीत काय आहे ते आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही. मीही नाही. कॉलेजात पहिल्यांदा हा खेळ पाहिला तेव्हा माझ्या काड्या जिन्यातच संपायच्या.

त्या कॉलेजच्या एका मशीनवर पोरांनी हा खेळ पुरता, पाचही फ्लॉपींसकट, उतरवून ठेवला होता. ती मशीनं मोडीत गेली. मिरजेच्या मोडवाल्याला गाठलं. तो म्हणाला, आतल्या पट्ट्यांना सोन्याचा मुलामा असतो, म्हणून सोनं गाळणारे गलाईवाले घेतात. सेलमचा एकजण जत्रेला आला होता, त्यानं सगळी लॉरीत घालून नेली. विट्याकडचा आहे, नाव आकाराम.

दिवाळीपर्यंत शेवटची खोली मिळाली नाही तर कंपनी काम काढून घेणार. मग ऑफिस राहत नाही आणि मीही सांगलीत राहत नाही. बाबांना हे सांगू नकोस, त्यांना आनंद होईल.

डोळे दाखवायला मिरजेला येशील तेव्हा इकडे ये. तुला ते घर दाखवते.

तुझी सोनम


खोरवाडी
बेंदराचा दुसरा दिस

सोने,

नीट पोचले. मिरजंचा डॉक्टर म्हनला, मोतीबिंदू पिकायला येळ हाय. बरं झालं. तुझं घर बघायला त्योच डोळा लागला.

तुझ्या सायबासमोर मी बोलले न्हाई, आता लिवते.

तुमी भर दुपारी पडदं लावलं तवा मला वाटलं ही पोरं काय तर थेरं करनार. डब्यात काय दिसंना. मी म्हनलं, बंद पडलाय. तू म्हनलीस, आज्जे, ह्योच खेळ. मग तू काडी वढलीस. हातभर उजेड पडला. त्येच्या पल्याड दार. दाराच्या पल्याड कोन तरी शास घेत हुतं.

मी उभा जन्म मेंढरांमागं माळावर झोपले. लांडगा चार हातावर बघितलाय. लांडग्याचं भ्या येगळं. त्येला मेंढरू पायजे, आपन न्हाई. त्यो दिसतो, कुत्र्याला त्येचा वास येतो, काम झालं की जातो. तुझ्या घरातल्याला डोळं न्हाईत, वास न्हाई, त्येला काय पायजे त्ये बी कळंना. नुसता शास. आन त्ये दार उघडतंय, उघडतंय, उघडतच न्हाई. धा मेंढरं वितील तेवढ्यात.

तवा मी तुझा हात धरला, त्यो खुर्चीला चाकं हुती म्हनून. कुनाला सांगायचं झालं तर असंच सांग. आन तुझ्या सायबावर वरडले त्ये बी बरुबर. मोकळ्या जिन्यात काडी वढायची काय गरज हुती? कठडा धरून चाललं असतं. तुमाला काडी म्हंजे काय वाटती? तुझा आजा बिराप्पा अख्खा पावसाळा येका पेटीत काढायचा. राखंखाली इस्तू जपायचा.

यष्टीत बसल्यावर डोस्क्यात त्येच फिरत हुतं. देवऋषी अंगात आनतो, आमी खरं मानावं म्हनून घुमतो, आन मला हसू येतं. ह्यो मानूस तर आधीच सांगतोय, ह्ये खोटं हाय, काचंच्या डब्यात हाय, पायजे तर बटन दाबून बंद कर. आन तरी त्येनं माझं काळीज धरलं. कोन कुठल्या मुलखातला. त्येनं मला बघितलं न्हाई, मी त्येला न्हाई. त्यो मेला बी. मेलेल्या मानसानं सात समिंदरापल्याडनं हात घालून खोरवाडीच्या म्हातारीला भेवडावलं. मला सत्तरीत पयल्यांदा असं झालं की तोंडाला शब्द न्हाई. तुझ्या बापाला वाटलं, डॉक्टरनं काय तर वाईट सांगितलं.

आन अजून येक सांगते. मोजक्या काड्या, लढायचं न्हाई, नुसतं तगायचं. ह्यो तर दुष्काळाचा खेळ की गं. बहात्तर साली आमी फुकट खेळलो.

पर आमच्या खेळाला शेवट हुता. पाऊस आला. तुझ्याला बी आसनार. त्यो मला बघायचाय.

सेलमचा आकाराम म्हंजे माझ्या भनीचा पोरगा. तू त्येला लिवू नगंस, तू चार पानं इंग्रजी लिवशील आन त्यो घाबरंल. मी लिवते.

बनाबाई


खोरवाडी
त्याच दिवशी

आकारामा,

मावशी लिवती. तू मिरजंच्या मोडवाल्याकडनं कंप्युटरं नेलीस. त्यातल्या येकात माझ्या नातीचं मोलाचं हाय. त्यात जे काय मोलाचं निघंल त्ये सोनीचं हाय. दुसऱ्या कुनाला देऊ नगंस, इकू नगंस. गावाकडं येनाऱ्या भरवशाच्या मानसाच्या हाती धाड. पोरीचं सगळं त्यावर अडलंय. दिवाळीच्या आत पायजे. आळस केलास तर तुझ्या आईला सांगंन, आन ती मेलीया तरी येईल.

फोन केला नसता व्हय? केला हुता. तुझ्या शेजारचा दुकानदार फोन उचलतो आन आपली भाषा जानत न्हाई. मी शिव्या दिल्या त्या बी त्येला कळल्या न्हाईत, वाया गेल्या.

बनामावशी


सेलम
नागपंचमी झाली, शनिवार

मावशीस आकारामचा नमस्कार,

तुझं पत्र पोचलं तवा भट्टी पेटलेली हुती. घाम पुसत वाचलं. मावशे, तू कवा काय मागत न्हाईस. मागितलंस ते पोरीसाठी. मग आकाराम आळस करंल व्हय?

दुसरं सगळं काम बाजूला ठेवलं. मिरजंची मशीनं मागच्या खोलीत पडून हुती. कुठल्या येकात पोरीचं मोलाचं हाय त्ये तू लिवलं न्हाईस, म्हनून म्हनलं, उगं मावशीच्या नातीला कमी पडाया नगं. सगळीच फोडली. पट्ट्या काढल्या, आम्लात घातल्या, दोन वेळा गाळलं. मी स्वतः. गड्याच्या हाती दिलं न्हाई. मावशे, तुला सांगतो, बापजन्मात येवढं चोख आलं न्हाई. त्या हिरव्या पट्टीवर बघावं तर पिवळा नुसता भास असतो, आन मुशीत उतरलं की सूर्य.

त्येचा मनी केलाय. मक्याच्या दान्याहून बारका. माझी मजुरी लावली न्हाई, तूट धरली न्हाई, आईशपथ. आमच्या गल्लीतला भाऊसो शिराळ्याला जातोय, त्येच्या हाती काड्याच्या पेटीत कापूस घालून दिलाय. पोरीचं लगीन ठरलं असंल तर मुहूर्त कळीव.

तुझा
आकाराम


विश्रामबाग, सांगली
१२ ऑगस्ट १९९८

आज्जे,

भाऊसो काल ऑफिसात आले. काडेपेटी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "उघडून बघ, आकारामनं जीव लावून केलंय." मी उघडली. कापसात पिवळा मणी. मला आधी कळेचना. मग पेटीसोबतची आकारामकाकांची चिठ्ठी वाचली.

मी रडले नाही. भाऊसोंना चहा दिला. ते गेल्यावर नानासोसाहेबांनी मणी उजेडात धरला आणि म्हणाले, "सोनम, हे आपलं घर."

काकांवर रागवू नकोस. त्यांना जे मोलाचं वाटलं ते त्यांनी सगळ्यात शुद्ध करून दिलं. मी त्या मण्याकडे खूप वेळ बघत बसले. कॉलेजात ज्या मशीनसमोर आम्ही पोरी एकमेकींचे हात धरून बसायचो, त्या सगळ्यांचं मिळून एवढंसं झालं. हेही एक नवलच.

आता एकच वाट आहे. साहेब म्हणतात, शेवटची खोली आपणच करू. कोणी पाहिलेली नाही, कोणाला कळणार आहे? मी चित्र काढलंय. शेवटच्या खोलीत ते श्वास घेणारं समोर येतं, मोठे लाल डोळे, मग माणूस खिडकी फोडून पळतो. नव्या मशीनवर फार झकास दिसतं. साहेबांना आवडलं.

मला का आवडत नाही तेच कळत नाही.

मणी तुझ्याकडे पाठवते आहे. मला त्याच्याकडे बघवत नाही.

सोनम


खोरवाडी
गणपती बसायच्या आधीचा बाजार

सोने,

मनी पोचला. आकारामला तीन पानं लिवली, त्यातली दोन फाडली, कारन चूक माझी बी हाय. मी मोलाचं म्हनले आन सोनं गाळनाऱ्याला म्हनले. लांडग्याला म्हनावं, चांगलं बघून मेंढरू राख, तशातली गत.

आता तुझं. लाल डोळं काढलीस? शास घेनाऱ्याला डोळं न्हाईत म्हनून तर मी भ्याले. तू त्येला डोळं दिलंस की त्यो लांडगा झाला. लांडग्याला मी धोंडा मारते.

आन दुसऱ्याच्या कळपातलं मेंढरू घ्यायचं, त्येच्या कानाला आपली खून करायची, आन म्हनायचं ह्ये त्येचंच हाय, असली रीत आपल्यात न्हाई. मालक मेला म्हनून कानावरची खून बदलत न्हाई. तुला करायचं तर तुझं घर येगळं बांध, त्यात पायजे तेवढं डोळं लाव. मला दाखव, मी नावं ठेवायला येते. पर त्येच्या घरात तुझी खोली घुसवू नगंस. तुला आवडत न्हाई त्ये ह्येच्यामुळं. तुला कळतंय, तू उगं माझ्याकडनं वदवून घेतीस.

काम जाऊ दे गेलं तर. घरी ये. आटपाडीच्या मानसांना मी बघून घेते.

पर येक सांग. बकरं कापलं तरी कातडं ऱ्हातं, शिंगं ऱ्हात्यात. कंप्युटरात सगळंच सोनं असतंय व्हय? तुझं घर आत कशात असतंय? पट्टीत का दुसऱ्या कशात? त्ये कसं दिसतंय, केवढं, हातात घेतलं तर जड का हलकं, ह्ये पोस्टकार्डावर लिही आन थेट आकारामला धाड. ह्या बारीला मी मधी पडत न्हाई.

बनाबाई


सेलम
१३ सप्टेंबर

मावशी आन सोनमताई, दोघींना येकच पत्र लिवतो, कारन दोघींना येकच तोंड दाखवायची लाज वाटती.

ताईचं कार्ड वाचलं. "वहीएवढी लोखंडी पेटी, विटेसारखी जड, आत ताटल्या असतात, सोनं जवळजवळ नाही." वाचलं आन मी दाराकडं बघितलं.

मावशे, तशा पेट्या बऱ्याच निघाल्या हुत्या. पिवळं न्हाई म्हनून मोडवाल्याला दिल्या. पर येक ठेवली. आमच्या दुकानाचं दार वाऱ्यानं आपटतं, भट्टीचा धूर आत कोंडतो. त्येला लावायला जड वस्तू पायजे हुती. दीड महिना झाला, ताईचं घर माझ्या दाराला लावलंय. मी रोज पायानं सरकवतो. आज सरकवायचं धाडस झालं न्हाई. हातानं उचलली, फडक्यानं पुसली, हळद-कुंकू लावलं. कुंकू पुसून घ्या, आत गेलं असंल तर माफ करा.

हीच ती पेटी का दुसरी, मला सांगता येत न्हाई. जी हुती ती धाडतोय. दसऱ्याला शेजारच्या भट्टीवरला अर्जुना गावाकडं निघालाय. त्येला म्हनलंय, लेकरागत मांडीवर घेऊन ये, गाडीत झोपलास तरी हात सोडू नगंस. त्यो इचारतोय, आत काय हाय? मी म्हनलं, घर.

ताई, त्यात नसलं तर मला लिवू नगंस. असलं तर लिही, काय हुतं त्ये. माझ्या दारात दीड महिना काय पडलं हुतं त्ये मला कळाया पायजे.

आकाराम


विश्रामबाग, सांगली
६ ऑक्टोबर १९९८

आज्जे,

अर्जुनाकाका दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आले. पेटी घोंगडीत गुंडाळलेली. कुंकू निघालं, धुराची काजळी निघत नव्हती.

मशीनला जोडली. गप्प. पुन्हा जोडली. गप्प. साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, पाठ करून. मी पेटी हातात घेतली आणि जुनं घड्याळ हलवावं तशी हळूच हलवली. आज्जे, आत काहीतरी सुटलं. फिरायला लागलं. असा आवाज, की दूरवर कोणी जातं ओढतंय.

पोरांची नावं निघाली. त्यांचे अभ्यास, त्यांची प्रेमपत्रं, ती मी वाचली नाहीत. आणि सगळ्यात तळाशी, मास्तरांना दिसू नये म्हणून 'रसायनशास्त्र' या नावाखाली, घर. पुरतं घर. शेवटच्या खोलीसकट.

मी ती खोली पाहिली. काय आहे ते लिहिणार नाही. कोणालाच सांगितलेलं नाही. तू ये. बाबांना घेऊन ये.

सोनम


खोरवाडी
भाऊबीजेचा दुसरा दिस

आकारामा,

तू इचारलंस, तुझ्या दारात काय पडलं हुतं. सोनी लिवनार हुती. मी म्हनलं, ह्ये मी लिवते, मी बघितलंय.

दिवाळीआधी धनाजीला घेऊन सांगलीला गेले. त्यो येतच नव्हता. म्हनला, पोरींचं खेळ मी काय बघू? बसला आन पयल्या दारालाच त्येनं पाय खुर्चीवर घेतलं. मी नुसतं बघितलं.

सोनी खेळत हुती. काड्या जपत, भिंत चाचपत. मी शिकवलं तशी. जिना झाला, माडी झाली. त्यो शास मागं मागं येतोय. शेवटच्या दाराला तिच्याकडं येकच काडी उरली. नानासोसायब म्हनले, वढ. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. ती वढली न्हाई. दार उघडलं, आकारामा, तुला काय सांगू, किती सावकाश. मला वाटलं आता दिसतंय त्ये.

खोली नव्हतीच. भाईर हुतं. उघडं माळरान आन वर आभाळ.

तेवढंच. दुसरं काय न्हाई. शास थांबला. आन चांदन्या. सबंद घरात त्या मानसानं आपल्याला येक भिंत धड दाखवली न्हाई, हातभर उजेडात फिरवलं, आन हितं येवढ्या चांदन्या की डब्याची काच पुरंना. सोनीनं मान वर केल्यागत केलं तर आभाळ सरकत गेलं, संपंचना. सोनी म्हनली, आज्जे, पाचव्या फ्लॉपीत दुसरं काहीच नव्हतं. अख्खी फ्लॉपी आभाळाची हाय. घरात त्यो जागा वाचवत गेला, वाचवत गेला, ती ह्येच्यासाठी.

म्हंजे त्यो बी काड्याच राखत हुता.

आकारामा, मी जन्मभर आभाळाखाली झोपले. कवा वर बघून मला काय झालं न्हाई. आभाळ हाय, असतंय. पर त्या घरातनं जीव मुठीत धरून भाईर आले आन वर बघितलं, तवा मला कळलं की आपन केवढं बारकं हाय. आन बारकं असल्याचं भ्या वाटलं न्हाई. धनाजीचं पाय खाली आलं.

म्हातारीचं बाजलं, शाळंत सप्तर्षी म्हनत्यात त्ये, हुतं त्यात. तीन चोर बी हुते बाजंला. पर लय वर, आपल्याकडं दिसतंय तसं खाली न्हाई. मी सोनीला म्हनलं, ह्येनं चुकीचं काढलंय. मग माझं मलाच वाटलं, त्येच्या मुलखातनं तसंच दिसत असंल. त्यो आपल्याच दारात उभा ऱ्हाऊन बघत हुता. बाजलं तेच, म्हातारी तीच, नुसतं दार येगळं.

नानासोसायब येकदम म्हनले, नव्या मशीनवर आपल्याला ह्याच्या दसपट चांदन्या घालता येतील, रंगीत. मी म्हनलं, सायब, उपाशी ऱ्हाऊन साठवलेलं धान्य हाय ह्ये, ह्यात तुमचं भरडान मिसळू नका. सोनी हसली. सायब बी हसले. चांदन्या हायत तेवढ्याच ऱ्हानार. कंपनीला धाडलं, तिकडनं पसंत आलं. ऑफिस ऱ्हातंय, सोनी सांगलीत ऱ्हाती. धनाजी परतीच्या यष्टीत म्हसवड येईपत्तूर खिडकीतनं आभाळ बघत हुता. मग म्हनला, आटपाडीच्या मानसांना मी नगं म्हनून कळवतो. मी म्हनलं, का रं? म्हनला, आये, तिनं शेवटची काडी राखली.

तर ह्ये तुझ्या दाराला लावलं हुतं, आकारामा. अख्खं आभाळ. तू रोज पायानं सरकवायचास. तुझी चूक न्हाई, मी जन्मभर त्येच्याखाली घोरले, माझी तरी कुठं हाय?

आता दाराला धोंडा लाव. सोनं परत मागू नगंस. त्या मन्याची सोनारानं चमकी करून दिली, ती माझ्या नाकात हाय. बाजारात धोंडुबाईनं इचारलं, बने, ही कुठली गं? मी सांगितलं, भुताच्या घरातली.

तुझी
बनामावशी